अप्पांची चूक कोणती?

'नटसम्राट'चे नाव निघाले की आपल्या घरांतून एकच सूर ऐकू येतो: मुले वाईट, बिचारे अप्पा! वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा बेलवलकर अजरामर केले. त्यामागे शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया आहे, हेही आपण जाणतो.

पण वर्गात स्वभावचित्रण शिकवताना मी मुलांना विचारते, यात अप्पांचे काहीच चुकले नाही काय? लिअर राज्य वाटताना मुलींकडून प्रेमाची जाहीर कबुली मागतो. अप्पा सारी मिळकत मुलांना देतात, पण रंगमंचावरचे सम्राटपद घरात सोडत नाहीत. आणि कावेरी? नवऱ्याच्या निर्णयाचे ओझे तीही वाहते. तिच्याविषयी आपण बोलतच नाही.

आपल्या सिंगापुरात १९९५ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. स्वतःचा निर्वाह न करू शकणाऱ्या, ६० वर्षांवरील आईबापांना मुलांकडे खर्च मागता येतो. कायदा ताटात भात वाढवील. शेजारी बसून दोन शब्द बोलायला तो कोणाला लावणार?

म्हणून नाटक पाहून नुसते डोळे पुसू नयेत. त्याच रात्री आजी-आजोबा, मुलगा, सून, लेक, सर्वांनी एकत्र बसावे. फ्लॅट कोणाच्या नावे, म्हातारपणी कोणाजवळ, खर्च कोणाचा, हे उघड बोलावे. बोलणे अवघड आहे खरे. पण न बोलण्याची किंमत अप्पांनी आपल्याला दाखवली आहे.