प्रिंटर विकत घेतला, पण मालक कोण?

विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. शाळा, पतसंस्था, संघटनांच्या कचेऱ्या आता नाइलाजाने नवी प्रणाली बसवितात आणि दहा-बारा वर्षे इमानाने चाललेला प्रिंटर अकस्मात मुका होतो.

यंत्रात बिघाड नसतो. संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषी असतो. तो केवळ ३२-बिट प्रणालीसाठी घडविलेला असेल, तर ६४-बिट विंडोज ११ वर चालत नाही. नवा दुभाषी उत्पादकाने द्यावयाचा. पण जुने यंत्र चालते ठेवण्यापेक्षा नवे विकण्यातच त्याचा लाभ. स्वस्त लेसर प्रिंटरांत तर पान आखण्याचे कामच यंत्रातून काढून संगणकावर टाकलेले असते. किंमत त्यामुळे उतरली खरी, परंतु यंत्राचे आयुष्य कंपनीच्या मर्जीला बांधले गेले. पाठ्यपुस्तकातला घसारा झिजेतून येतो. येथे न झिजलेले यंत्र भंगारात जाते.

तत्पूर्वी काही गोष्टी करून पाहाव्यात. प्रिंटरचे नेमके मॉडेल व प्रणालीचा प्रकार पाहून ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा आणि जुना आधी काढून टाकावा. ‘सर्व ड्रायव्हर अद्ययावत करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरच्या वाटेस जाऊ नये. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल भाषा जाणणाऱ्या यंत्राला पुष्कळदा सर्वसाधारण ड्रायव्हरही पुरतो. तेही न साधल्यास लिनक्स आहे. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक प्रिंटरांचे ड्रायव्हर तेथे स्वयंसेवकांनी लिहून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत.

या खुल्या परंपरेच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा (आपल्याकडच्या दुकानांना जिचे नाव चिकटले तीच) लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. आधीच्या यंत्रात त्यांनी ती केलीही होती. परंतु मूळ आज्ञावली ज्याच्याजवळ होती, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून ती नाकारली. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला.

आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू व वाहने यांवर तिचा भर होता. त्या हक्कात ड्रायव्हरही आला पाहिजे. ज्या दिवशी कंपनी पाठिंबा थांबवील, त्या दिवशी तिने आज्ञावली खुली करावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. सरकारी खरेदीच्या निविदांत ही अट घालण्यास तर नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही.