सलाम पाहणारा एकच होता

शौर्याच्या गोष्टी म्हटल्या की राजे, सरदार आणि सेनापती डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही वाचकांना कातडी कापणाऱ्या एका कामगाराची गोष्ट सांगणार आहोत. त्याचे नाव अँड्र्यू मायनार्स्की.

कॅनडातील विनिपेग शहरात १४ ऑक्टोबर १९१६ रोजी तो जन्मला. आईवडील पोलंडहून येऊन तेथे स्थायिक झालेले. घरात सहा भावंडे. वडील वारले तेव्हा हा जेमतेम सोळा वर्षांचा. घराला हातभार लावण्यासाठी त्याने कातडी कापण्याचे काम धरले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला आणि बॉम्बफेकी विमानावर मशीनगन चालवू लागला.

१२ जून १९४४ ची रात्र. दोस्त फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरून सहाच दिवस झाले होते. कांब्रे येथील रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला इंग्लंडहून विमाने निघाली. मायनार्स्कीच्या लँकेस्टर विमानात सात जण होते. अंधारात जर्मन विमानाने त्यांना गाठले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, विमान पेटले. वैमानिकाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला.

मायनार्स्की दारापाशी आला. आता फक्त उडी टाकायची होती. तेवढ्यात त्याला दिसले की, शेपटाकडच्या बुरुजात त्याचा सोबती पॅट ब्रॉफी अडकला आहे. तो बुरूज इंजिनाच्या जोरावर फिरे. इंजिन थांबले तसा तोही थांबला. हाताने फिरवायची कळ तुटलेली. दोघांच्या मध्ये आगीचा लोळ. मायनार्स्की त्या आगीतून गेला. कुऱ्हाडीने प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी केला. त्याचे कपडे पेटले, पॅराशूट पेटले. शेवटी ब्रॉफीनेच त्याला खुणेने सांगितले, तू जा! तो मागे सरकत दाराशी गेला, जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, सोबत्याला सलाम केला आणि मग उडी टाकली. खाली फ्रेंच लोकांना तो सापडला, पण इतका भाजला होता की वाचला नाही. वय अवघे २७.

आणि ब्रॉफी? विमान आदळताच तो बाहेर फेकला गेला व जिवंत राहिला! सातांपैकी सहा जण जगले. गेला तो एकटा, जो सहज वाचला असता.

मग त्याचे मरण फुकट गेले का? आम्हाला तसे वाटत नाही. मरण समोर दिसत असताना ब्रॉफीला कळले की, आपल्याला कोणी टाकून दिलेले नाही. याचे मोल कसे करणार?

वाचकहो, तो सलाम पाहणारा जगात एकच माणूस होता. १९४५ साली सोबत्यांची भेट झाल्यावर ब्रॉफीने घडले ते सांगितले. म्हणून १९४६ च्या ऑक्टोबरात मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आज विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे. ब्रॉफी गप्प राहता, तर ब्रिटनच्या बॉम्बर दलातील ५५ हजारांहून अधिक मृतांच्या यादीत हे केवळ एक नाव उरले असते.

आपल्यासाठीही कोणीतरी हात भाजून घेतलेले असतात. आई असेल, मोठा भाऊ असेल, चाळीतला शेजारी असेल. ते पाहणारे कदाचित आपण एकटेच असू. तेव्हा आज रात्री जेवताना मुलांना ते नाव सांगा. आपण सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?