पिशवीतल्या रोपालाही वाफसा लागतो



मे महिना लागला की फोन सुरू होतात. केसरची कलमं आणली, मोसंबीची रोपं आणली, खड्डे भरून ठेवलेत, आता पाऊस येईपर्यंत पिशवीत सांभाळायची आहेत. पुढचा प्रश्न ठरलेला: “पाणी किती दिवसांनी देऊ? खत किती दिवसांनी?” नर्सरीवाल्यानं कुणाला सांगितलेलं असतं दर तिसऱ्या दिवशी एक तांब्या, कुणाला सांगितलेलं असतं रोज सकाळी झारी फिरवा. व्हिडिओत तिसरंच काहीतरी असतं.

माझं मत आज स्पष्ट लिहितो. “किती दिवसांनी” या प्रश्नाला खरं उत्तरच नाही. जो देतो तो तुमची माती, तुमची पिशवी, तुमची सावली न बघता देतो. शेतात आपण कधी असं करतो का? पाळी घालायची, पेरायचं, पाणी द्यायचं, तर आधी वाफसा बघतो. मूठभर माती हातात घेतो, दाबतो, फोडून बघतो. तारीख बघून कुणी तिफण जुपत नाही. मग पिशवी हातात आली की आपली ही अक्कल कुठं जाते? पिशवी म्हणजे तीन लिटर मातीचं शेतच आहे. त्यालाही वाफसा असतो आणि तो शेतापेक्षा लवकर बिघडतो.

रोपं तहानेनं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात, असं माझं निरीक्षण आहे. कारण आपल्या मनात बसलेलं आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना आणि आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. टँकरनं पाणी घालूनही शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. ज्यानं ते बघितलं, त्याला सुकलेलं पान दिसलं की हात आपोआप पाण्याकडं जातो. त्यात चूक कुणाची नाही. पण मोठ्या बागेचं दुःख पिशवीतल्या रोपावर काढून चालत नाही.

पिशवीत पाणी कसं वागतं

शेतात जादा झालेलं पाणी खाली मुरमात उतरतं. पिशवीला तळ आहे. खालच्या भोकांतून निथळतं तेवढं निथळतं, पण तळाची तीन-चार बोटं माती ओलीगच्चच राहते. वरून अर्धा इंच कोरडं दिसतं, खाली चिखल असतो. माणूस वरचं बघून पाणी घालतो. तळाच्या मुळीला हवा मिळत नाही, पांढरी मुळी तपकिरी पडते, मग काळी, मग तिला वास येतो. मुळी गेली की पाणी वर चढत नाही, म्हणून पान मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली. आपण अजून एक तांब्या ओततो. मोसंबीत तर डिंक्याची आणि मूळकुजीची बुरशी याच चिखलाची वाट बघत असते. ती एकदा रोपात शिरली की त्याच रोपासोबत तुमच्या शेतात जाते.

काळ्या मातीची तर तऱ्हाच वेगळी. पैठणकडं गोदाकाठची भारी माती पिशवीत भरली तर ओली असताना लोण्यासारखी, वाळली की आक्रसते आणि पिशवीच्या कडेनं सुटते. मग पाणी घातलं की ते कडेच्या फटीनं सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपण म्हणतो, “बघा, खालून आलं, म्हणजे पोटभर झालं.” मधला गड्डा मात्र कोरडा ठणठणीत. अशा वेळी वरून ओतून उपयोग नाही. पिशवी टोपल्यातल्या पाण्यात अर्ध्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं उभी करायची, माती खालून पाणी ओढून फुगते, मग बाहेर काढून निथळू द्यायची.

खुलताबाद, कन्नडच्या डोंगरकडेची हलकी मुरमाड माती याच्या उलट. पाणी धरत नाही, दोन दिवसांत कोरडी. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेलं रोप बऱ्याचदा लाल मातीत असतं, त्याचं तिसरंच गणित. आता सांगा, या तिघांना “दर तिसऱ्या दिवशी” हे एकच उत्तर कसं लागू होणार?

मग बघायचं काय

वजन बघायचं. एवढंच. पिशवीला पोटभर पाणी द्या, तासभर निथळू द्या, काट्यावर ठेवा. माझ्याकडची 8 बाय 10 इंचाची पिशवी तेव्हा 4 किलो 200 ग्रॅम भरते. मग रोज सकाळी तीच पिशवी उचलून बघा, वजन करा, बोट दोन पेरं आत घाला. मातीची गोळी होते पण हाताला चिखल लागत नाही, तो वाफसा. ती गोळी नुसत्या बोटानं भुगा व्हायला लागली की पाण्याची वेळ झाली. माझ्याकडं ते वजन 3 किलो 500 च्या आसपास येतं. म्हणजे सातशे मिली पाणी गेलं, तेवढंच परत द्यायचं, वर थोडं. तुमचे आकडे वेगळे येतील, येऊ द्या. स्वतःच्या पिशवीचे दोन आकडे काढा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

हेच सातशे मिली मे महिन्यात उघड्यावर दोन दिवसांत संपतात, शेडनेटखाली साडेतीन-चार दिवस जातात, जूनमध्ये आभाळ भरून आलं तर आठ-दहा दिवस पाणी लागत नाही. रोप तेच, पिशवी तीच, माती तीच. दिवस मात्र दोनापासून दहापर्यंत. म्हणून म्हणतो, दिवसाला काही अर्थ नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. एक जण म्हणाला, “भाऊ, पाचशे रोपं आहेत, गडी ठेवलाय, त्याला काय रोज काटा घेऊन बसवू?” बरोबर आहे. माणसाला सोपा नियम लागतो, मजुराला तर लागतोच. पण पाचशे पिशव्या तोलायच्याच नाहीत. दहा निवडा. दोन कडेच्या, दोन मधल्या, दोन पाइपच्या तोंडाजवळच्या, बाकी चार कुठल्याही. त्यांना चिंधी बांधा. रोज फक्त त्या दहा उचलायच्या. पाच-सहा दिवसांत गड्याच्या हाताला वजन बसतं, मग काट्याची गरज राहत नाही. बाजारात वांग्याचं कॅरेट नुसतं उचलून किती किलो ते सांगणारी आपली माणसं, त्यांना हे अवघड नाही. कडेच्या पिशव्या आधी वाळतात, त्यांना आधी द्या, मधल्यांना नंतर. सगळ्यांना एकदम पाणी देण्यात काम उरकतं, रोपांचं भलं होत नाही.

दोन गोष्टी अजून. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल एवढं तापलेलं असतं, ते आधी बाहेर सोडा, थंड आलं की रोपाकडं न्या. आणि पाणी सकाळी द्या. दुपारी पान मलूल दिसलं तर लगेच धावू नका, संध्याकाळी परत बघा. संध्याकाळी ताठ झालं तर ते उन्हानं झुकलं होतं. सकाळीही झुकलेलंच असेल तर पिशवी उचला. हलकी असेल तर पाणी, जड असेल तर मुळी बघा.

खताचा हिशेब

खतात तर आपण फारच सढळ हाताचे. “चिमूटभर युरिया टाकला, काय होतंय?” काय होतंय ते हिशेबानं बघू. एका एकरात वरची सहा इंच माती साधारण नऊ लाख किलो भरते. पिशवीतली कोरडी माती तीन किलो. तीन किलोला 5 ग्रॅम युरिया टाकला, म्हणजे एकराला पंधराशे किलो. 45 किलोच्या तेहतीस गोण्या! एका एकरात तेहतीस गोण्या युरिया टाकणारा शेतकरी तुम्ही बघितलाय का? पण पिशवीत तेच चिमटीनं होतं आणि कुणाला काही वाटत नाही. मग पानाच्या कडा करपतात, मुळीची टोकं जळतात, आणि दोष येतो उन्हावर.

मी काय करतो ते सांगतो. पिशवी भरतानाच एक भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. हे खत दोन-अडीच महिने पुरतं. अर्धकच्चं शेणखत नको, ते पिशवीत तापतं आणि हुमणी घेऊन येतं. विकत आणलेल्या रोपाला पहिले पंधरा दिवस काहीच खत देत नाही, गाडीतून हादरे खात आलेलं असतं, आधी बसू द्यायचं. त्यानंतर नवी फूट चालू असेल तरच 19:19:19, लिटरला 2 ग्रॅम, पिशवीला एक पेला म्हणजे पाव लिटर, पंधरा दिवसांतून एकदा. वरच्याच हिशेबानं हे एकराला 28 किलो नत्राच्या आसपास बसतं, म्हणजे प्रमाणात आहे. खताचं पाणी कोरड्या मातीत कधीच देत नाही. आधी साधं पाणी, दुसऱ्या दिवशी वाफशात खत. फूट थांबलेली असेल, आभाळ असेल, रोप मलूल असेल, तर खत बंद. आजारी माणसाला पुरणपोळी वाढून तो उठून बसत नाही.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पिशवीच्या मातीवर पांढरी बुरी दिसायला लागली की समजायचं साठा झाला. महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी एवढं द्यायचं की घातलेल्याचा पाचवा हिस्सा खालून निथळून जाईल. क्षार त्याच्याबरोबर धुतले जातात. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर त्याच्यासारखं औषध नाही.

पिवळं पान दिसलं की युरिया, हीही एक सवय. आधी बघा पिवळं कुठलं पान आहे. खालची जुनी पानं सगळी पिवळी, तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी, आपल्या चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं, त्याला युरिया देऊन काही होत नाही. आणि पान पिवळं, लोंबलेलं, पिशवी जड, तर कमी काहीच नाही, पाणी जास्त आहे. तिन्ही रोगांचा रंग एक, उपाय तीन.

यात अडकलेलं काय आहे

पिशवीतली रोपं म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते. पण केसर आंबा आणि जालन्याची मोसंबी, दोन्हीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि बागेचं पुढचं वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य या दोन महिन्यांच्या मुळीवर उभं राहतं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचं अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते जिवंत झाडांच्या प्रमाणावर ठरतात. अर्धी मुळी सडलेलं रोप लावलं तर ते पहिला पावसाळा हिरवं राहतं, उन्हाळ्यात जातं. तेव्हा खड्डा, ठिबक, मजुरी, सगळं खर्चून झालेलं असतं.

म्हणून दोन मागण्या आहेत. नर्सरीवाल्यांनी रोपाबरोबर “दर इतक्या दिवसांनी पाणी” असं सांगणं बंद करावं. त्यापेक्षा पिशवीत माती कोणती, खत शेवटचं कधी दिलं, आणि निथळल्यावर वजन किती, एवढं चिठ्ठीवर लिहून द्यावं. आणि आपल्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राला, परभणीच्या विद्यापीठाला, कृषी सहायकांना विनंती: घडीपत्रिकेत पिशवीच्या आकाराप्रमाणे आणि मातीप्रमाणे वजनाचा तक्ता छापा. शेतकऱ्याला काटा वाचता येतो. त्याला तारखा नकोत.

तोवर आपण आपलं करू. यंदा रोपं आणलीत तर उद्या सकाळी दहा पिशव्यांना चिंध्या बांधा, दोन आकडे काढा. लावायच्या आधी एखादी पिशवी फाडून मुळीचा रंग बघा. पांढरी निघाली तर तुमचं पाणी बरोबर आहे, मग ते दोन दिवसांनी दिलेलं असो की दहा. तुमच्याकडं वजनं किती आली आणि माती कोणती, ते जरूर कळवा. तालुक्यावार आकडे जमले तर तक्ता आपणच करू.