औषधाबरोबरचे चार शब्द

कुडाळ तालुक्यातील वालावल म्हटले की लक्ष्मीनारायणाचे मंदिर, लगतचा तलाव आणि कर्ली नदी डोळ्यांपुढे येते. सिंधुदुर्गातील अशा भातशेतीच्या गावांत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर व गुरांच्या मूत्रातील जंतू चिखलपाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून जोखमीच्या काळात, वैद्यकीय सल्ल्याने, डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात.

औषध हाती ठेवले की परिचारिकेचे अर्धेच काम होते. कॅप्सूल जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. घेताच आडवे होऊ नये. ती अन्ननलिकेत अडकल्यास व्रण होऊ शकतो. आम्लपित्ताची वा लोहाची गोळी सोबत घेतल्यास गुण कमी येतो. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना हे औषध सहसा देत नाहीत. इतके सांगून झाल्यावर रुग्णाच्या तोंडून ते पुन्हा वदवून घ्यावे. त्याने नुसती मान डोलावणे पुरेसे नाही.

आपल्या घरांत आणखी दोन प्रश्न उद्भवतात. पर्युषण वर्षाकाळातच येते आणि कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. अशा वेळी संकोचाने औषध गुपचूप टाकून देणे जिवावर बेतू शकते. उपवास, चौविहार व आवरण यांविषयी आधीच मोकळेपणाने सांगावे. हे औषध गोळीच्या रूपातही मिळते. दिवस आणि सूर्यास्तापूर्वीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरविता येते. माल घेताना आपण दहा प्रश्न विचारतो. औषध घेताना निदान चार विचारावेत.