सुटका झाली, पण वर्षे कोण परत देणार?

11 जुलै 2006 ची संध्याकाळ आपण बोरिवली-अंधेरी लाईनवाले विसरलेलो नाही. लोकलमधल्या सात स्फोटांत 180 हून अधिक माणसे गेली. खटल्याचा निकाल 2015 मध्ये आला. शिक्षक वाहिद शेख निर्दोष सुटले, पण नऊ वर्षे जेलमध्ये काढून. उरलेल्या 12 जणांना हायकोर्टाने 21 जुलै 2025 ला निर्दोष ठरवले. कोठडीतले कबुलीजबाब टिकले नाहीत. त्यातला एक 2021 मध्ये कैदेतच वारला होता. आता प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे.

जपानमध्ये आरोप ठेवण्याआधीची 23 दिवसांची कोठडी जगाला खटकते. आपल्याकडे मकोकात आरोपपत्रालाच 180 दिवस मिळू शकतात. खटले लवकर चालावेत, हे आपण मृतांच्या घरच्यांसाठीही मागतो. गुन्हेगार कोण, याचे पक्के उत्तर त्यांनाही मिळालेले नाही.