परदेशीं जाणारे आमचे डॉक्टर

गांवांतील एखादा तरुण डॉक्टर विलायतेस निघाला, कीं घरोघरीं पेढे वाटले जातात. आणि त्याच गांवांत मध्यरात्रीं कोणी अत्यवस्थ झालें, कीं 'येथें डॉक्टर म्हणून मिळत नाहीं' असा आक्रोश होतो. पेढे वाटणारे आणि आक्रोश करणारे एकच आहेत, इकडे आम्ही पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

हा ओघ आजचा नव्हे. १९४८ सालीं ब्रिटननें सर्व प्रजेस सरकारी खर्चानें औषधोपचार देण्याची व्यवस्था सुरू केली. परंतु तिला पुरेसे डॉक्टर तेथें नव्हते. पुढें भारतांतून हजारों डॉक्टर तिकडे गेले. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्यांत, जेथें तेथील डॉक्टर जाण्यास नाखूष असत, तेथें आमच्या माणसांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. रोग्यास जात नाहीं, तसा देशही नाहीं. परंतु शिकविण्याचा खर्च गरीब देशानें सोसावा आणि फळ श्रीमंत देशानें चाखावें, हा न्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील रोगराईचा २४ टक्के भार आफ्रिकेवर होता. आरोग्यसेवक मात्र अवघे ३ टक्के! जेथें सेवकांचा दुष्काळ आहे तेथून ते ओढून नेऊं नयेत, असा संकेत त्या संघटनेनें २०१० सालीं घालून दिला. पण तो पाळणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे.

परदेशगमनच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या स्वदेशीं परतून स्त्रियांची सेवा करण्यासाठीं. १८८६ सालीं पदवी घेऊन त्या परतल्या. कोल्हापुरच्या इस्पितळांत त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु १८८७ सालीं मृत्यूनें त्यांना गांठलें. विद्येचें ऋण कोणाचें, हें त्या विसरल्या नाहींत.

विद्यार्थ्यांनीं हें ऋण ओळखावें. पण सर्व खापर त्यांच्याच माथीं फोडणें आम्हांस शोभत नाहीं. ज्या दवाखान्यांत औषध नाहीं, राहावयास धड घर नाहीं, आणि रोगी दगावला तर जमाव अंगावर येतो, तेथें आपण कोणत्या तोंडानें त्याग मागावा? मुलगा कोठें जाणार हें विचारण्यापूर्वीं, तो येथें राहिल्यास आपण त्याला काय देणार, याचा विचार व्हावा. तालुक्याच्या दवाखान्यांत रुजू होणाऱ्या डॉक्टराचे पेढे गांवांत वाटले जातील, त्या दिवशीं हा ओघ वळूं लागेल.