उजाड माळ हिरवा करू नका, प्लीज

या आठवड्यात ऑफिसात एक मेल आली. 'शनिवारी वृक्षारोपण. उजाड माळ हिरवा करूया! टी-शर्ट आणि जेवण कंपनीतर्फे.' मी 'येणार नाही' असं उत्तर पाठवलं आणि कारणही लिहिलं. तेव्हापासून टीममध्ये मी झाडांचा शत्रू ठरलोय. शेजारचा मित्र म्हणाला, "तू लातूरचा ना रे? तुमच्याकडे पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं. तू तरी झाडांना नको म्हणू नकोस!"

हा टोमणा मी एप्रिल २०१६ पासून ऐकतोय. मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली, तेव्हापासून. तर मंडळी, आज जरा सविस्तर उत्तर देतो.

मी लातूरचा, बायको नांदेडची. लग्नानंतर आम्हाला पक्षी-प्राणी बघायचा नाद लागला. सुरुवात सगळ्यांसारखीच झाली. ताडोबा, भरतपूर, जीपमध्ये पहाटे कुडकुडणं, वाघाच्या शेपटीचा एक धूसर फोटो. गावाकडे जायचो ते सण आणि लग्नकार्यांपुरतं. तिथे काय बघायचंय?

मग एका डिसेंबरात लातूरहून सासुरवाडीला निघालो होतो. अहमदपूर सोडून थोडं पुढे आलो तर ही एकदम ओरडली, "अरे थांब, थांब, गाडी बाजूला घे!" डाव्या हाताला पिवळ्या गवताचा माळ आणि त्यावर अगदी खालून, जमिनीला इस्त्री करत चालल्यासारखा उडणारा एक राखाडी पक्षी. पंखांची टोकं काळी. माँटेग्यूचा भोवत्या, नर. मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत येतो आणि हिवाळा आपल्याकडे काढतो. झाडावर झोपत नाही, रात्री गवतातच जमिनीवर बसतो. खातो काय, तर मुख्यतः नाकतोडे. म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी नोकरच!

नांदेडला त्या दिवशी आम्ही तीन तास उशिरा पोचलो. सासूबाईंचं बोलणं खाल्लं. पण त्यानंतर दर हिवाळ्यात तो माळ ठरलेला. माळटिटवी, धाविक, चंडोल, एकदा खोकडाची जोडी. एकदा लांबून लांडगा, दोनच मिनिटं. ना तिकीट, ना जीप, ना गाइड.

मागच्या डिसेंबरात गेलो तर माळावर ओळीने चर खणलेले. प्रत्येक चराच्या कडेला गिरिपुष्पाची रोपं, बरीचशी वाळलेली. गवत मातीखाली गेलेलं. भोवत्या एकही नाही. शेरडं घेऊन एक म्हातारबाबा उभे होते. म्हणाले, "झाडं लावा की, कोन नगं म्हनतंय? पर गायरान खांदून ठिवलं, आता शेरडं कुटं न्यावीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण अगदी असाच एक कार्यक्रम पुण्याजवळ मी स्वतः केलाय. टी-शर्ट घालून, फोटो काढून, पुण्य पदरात पाडून!

आता मुद्द्याचं. आपण सॉफ्टवेअरवाले, मेट्रिक चुकलं की काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कामाचं मोजमाप कोडच्या ओळींवर केलं की लोक ओळी वाढवतात, सॉफ्टवेअर सुधारत नाही. इथेही तेच. सरकारी वन-अहवालात किमान एक हेक्टर जागेवर निदान दहा टक्के झाडांची सावली असली की ते 'वनाच्छादन' धरतात. आंब्याची बागही त्यात बसते. गवताचा माळ बसत नाही. म्हणून लातूर जिल्ह्याच्या नावापुढे एक टक्कासुद्धा वन दिसत नाही आणि सगळे हळहळतात. इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती पडीक. २००० साली देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यातही माळरानं पडीकच. मग अशा 'रिकाम्या' जागेवर आकडे लावायचे. २०१९ साली राज्याचं लक्ष्य होतं ३३ कोटी झाडं. आकडा गाठायला जागा कुठली? जिथे कोणी भांडायला येत नाही ती. खड्डे उन्हाळ्यात खणतात, रोपं जुलैत लावतात. नेमक्या याच दिवसांत माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते.

"पण पाणी?" हा मित्राचा प्रश्न. अरे बाबा, मांजरेच्या खोऱ्यात पाणी कोण पितं? ऊस. पाणी उसाने प्यायचं आणि शिक्षा माळाला, हा कुठला न्याय? गवताची मुळं माती धरून ठेवतात, पाऊस मुरू देतात. तेच गवत उपटून त्या जागी बाहेरदेशातून आलेलं गिरिपुष्प लावणं म्हणजे चालू असलेली सिस्टिम बंद करून टेस्ट न केलेली सिस्टिम बसवणं.

मी झाडांच्या विरोधात नाही. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, त्यातलं जे तुटलंय तिथे झाडं हवीत. बांधावर, ओढ्याकाठी, गावातल्या रस्त्यांवर लावा. लिंब, बाभूळ, वड, पिंपळ, जे इथलं आहे ते. खड्डा खणायच्या आधी फक्त एक विचारा, इथे आज कोण राहतं?

आणि वाघच हवा असेल तर ऐका. २०१९ साली टिपेश्वरचा एक कॉलर लावलेला वाघ शेतांमधून, ओढ्यानाल्यांतून नांदेड, हिंगोली करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात उतरला. नकाशा उघडा, मराठवाडा ओलांडल्याशिवाय तिथे पोचता येतं का बघा. 'तिथे काय आहे बघायला' असं आपण ज्या मुलखाला म्हणतो, त्यातून वाघ पायी जातो. आपण मात्र त्याला बघायला ताडोब्याचं बुकिंग करतो.

असो. शनिवारी टी-शर्ट घालून जाणार असाल तर जा, पण आधी अर्धा तास त्या माळावर गप्प उभे राहा. नुसतं बघा. त्यानंतरही कुदळ उचलावीशी वाटली तर मला सांगा, पुढच्या वेळी मी येतो.

आम्ही दोघं डिसेंबरात पुन्हा त्याच रस्त्याने नांदेडला जाणार आहोत. चरांमधून थोडं गवत परत आलं असेल अशी आशा आहे. सासूबाईंना उशिराचं आत्ताच सांगून ठेवलंय.